मागची, समोरची आणि भाऊ

समोरच्या फ्लॅटला गॅलरी होती आणि मागच्या फ्लॅटला राइस मिल. मी मागे राहायचे. सकाळी खिडकी सरकवली की धानाचा कोंडा आत यायचा, चहात पडायचा, आरशावर बसायचा. समोरच्या फ्लॅटला यातलं काही नव्हतं. तिथं गॅलरी होती आणि गॅलरीखाली वडसा गावाचा तो रस्ता, नाटक कंपन्यांच्या पाट्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेला.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक हा धंदा आहे, हे बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक आलंच. ते ठरवायला गावांची मंडळं आधीच वडशाला येतात. चार-पाच जण, खांद्यावर दुपट्टे, तोंडात तंबाखूचा खर्रा. पाट्या थोड्या वाचतात आणि वर जास्त बघतात. गॅलरीत केस वाळवत उभी असलेली बाई हिरोईनच असणार, असं त्यांचं पक्कं मत. मग खाली ऑफिसात जाऊन विचारतात, ती वरची बाई आहे का या नाटकात? म्हणजे जिची गॅलरी, तिचं नाटक आधी बुक. मी वर्षानुवर्षं हिरोची बहीण केली, विधवा वहिनी केली, शेवटच्या अंकात मरणारी आई केली. त्याला माझा अभिनय नाही, ती राइस मिल कारणीभूत होती. हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

आणि मला मिलकडे टाकणारा माणूस म्हणजे आमचे घरमालक. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी सख्ख्या भावावर चिडले नाही, आणि सख्ख्या भावानं कारणं काही कमी दिली नव्हती.

भाऊ पूर्वी प्रॉम्प्टर होते. आमच्या स्टेजपुढं एक खड्डा असतो. त्यात ऑर्गनवाला, तबलेवाला आणि प्रॉम्प्टर. नट मुंबईहून येवोत नाहीतर नागपूरहून, तालमीला वेळ कोणाला आहे? आज एक नाटक, उद्या दुसरं. त्यामुळं खड्ड्यातला माणूस अख्खं नाटक आधी दबक्या आवाजात बोलतो आणि वरचे लोक ते मोठ्यानं बोलतात. टाळ्या वरच्यांना. भाऊंनी उभं आयुष्य त्या खड्ड्यात काढलं. मग मुलीनं आणि जावयानं कर्ज काढून त्यांच्या रस्त्यालगतच्या जागेवर चार मजली बिल्डिंग उठवली. लिफ्ट, चकचकीत टाइल्स, सरकत्या खिडक्या, किचनमध्ये कपाटं. मुलगी ब्रह्मपुरीला नांदायची, भाडेकरू ठेवायचं काम भाऊंकडं. त्यांनी स्वतःसाठी पार्किंगजवळची एक खोली घेतली आणि वर सगळे नाटकवाले भरले.

खड्डा सुटला तरी भाऊंचं बसणं काही बदललं नाही. दिवसभर जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचे. खुर्ची दिली तर दोन मिनिटं बसून पुन्हा पायरीवर. आणि माणसाच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. खड्ड्यातून नटाचं तोंड दिसत नाही, पाय दिसतात, आणि तीच सवय त्यांच्या डोळ्यांना लागलेली. मी नवीन साडी नेसून गेले तरी त्यांना पत्ता नाही, पण चप्पल बदलली की लगेच विचारणार. बिल्डिंगमध्ये कोण कोणाशी भांडून आलंय, कोणाला काम मिळालंय, कोणाला ताप आहे, हे त्यांना जिना उतरणाऱ्या पायांवरून समजायचं. एकदा लिफ्ट बसवून गेलेला मिस्त्री पैसे मागायला परत आला, तर भाऊ मान वर न करता म्हणाले, "तुह्या भावानं बसवली लिफ्ट, तू नोहता." खरंच भाऊ-भाऊ होते ते, चेहऱ्यानं जुळे.

मला घर कसं मिळालं तेही सांगून टाकते. वडशात मी घर शोधत फिरले तेव्हा बायका आधी विचारायच्या, एकट्याच का? मग विचारायच्या, नाटकात का? आणि या दोन्हीतून पार पडले तर आडनाव विचारायच्या. आमचं आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवायचं की पुतण्या शिकायला येणार आहे, खोली लागेल. काय ते पुतणे, बाप्पा! गावातल्या प्रत्येक घरी एक येणार होता. शेवटी कोणीतरी भाऊंकडं पाठवलं. भाऊंनी आडनाव विचारलं नाही, नवरा विचारला नाही. रिकाम्या हॉलमध्ये नेलं, स्वतः दाराशी फरशीवर बसले आणि म्हणाले, दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखव बाई. मी चालले, अगदी स्टेजवर चालतात तशी, पदर सावरत. म्हणाले, आता घरी चालते तशी चाल. मी पुन्हा चालले. कोणत्या गावची, विचारलं. सावली, मी म्हटलं. ते म्हणाले, राह्य मग. झाली मुलाखत. त्याच हॉलमध्ये एका बँकेच्या साहेबाला त्यांनी तीनदा चालवलं आणि नाही म्हणून सांगितलं. का, तर म्हणे याचे पाय दाराकडं वळलेले आहेत, हा टिकत नाही. साहेब अपमान झाल्यासारखे गेले, आणि महिनाभरात त्यांची बदली झाली.

भाऊंची दुसरी खोड म्हणजे वाक्य देणं. तुम्ही कुठं अडलात की खालून पुढचं वाक्य यायचं. गॅसवाला सिलिंडर उशिरा आणून त-त-प-प करायला लागला की भाऊ पायरीवरून हळूच म्हणायचे, 'गाडी पंक्चर झाली होती, बाई,' आणि गॅसवाला सुटल्यासारखा तेच मोठ्यानं म्हणायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या ऑर्गनवाल्याला मुलगी दाखवायचा कार्यक्रम पार्किंगमध्येच खुर्च्या टाकून झाला. मुलगा सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा, मराठीत लाजायचा. मुलीच्या मामानं विचारलं, पुढं काय करायचा विचार आहे. पोरगा गप्प. भाऊ पायरीवर होतेच. त्यांनी दिलं वाक्य, त्यानं ते घेतलं, आणि लग्न जमलं. फक्त ते वाक्य कुठल्यातरी ऐतिहासिक नाटकातलं होतं. त्यामुळं त्यानं मामांना 'प्राण गेला तरी वचन मोडणार नाही' असं सांगितलं, विचारलं होतं काहीतरी भलतंच. भाडंसुद्धा भाऊ मागायचे नाहीत. तारीख उलटली की जिना उतरताना तुमचंच वाक्य तुमच्या कानावर यायचं, 'भाऊ, उशीर झाला, हे घ्या.' नागपूरचा आमचा खलनायक, स्टेजवर दहा खून करणारा माणूस, तो तेवढ्यानं घामाघूम होऊन पाकीट काढायचा.

आता मूळ दुखण्याकडं येते.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझा दादा मला न्यायला आला. गोंडपिपरीचं स्थळ होतं, मुलगा नोकरीवाला, घरचे चांगले, अट एकच की नाटक सोडायचं. बाबांना वाटलं, याहून चांगलं काय मिळणार हिला. दादा मित्राची गाडी घेऊन भर दुपारी पार्किंगमध्ये उभा. जयभीम घातला, पाणी पण घेतलं नाही, म्हणाला, "बॅग भर. बाबानं सांगतलं आहे." बिल्डिंग सगळी कठड्याला लागली. नाटकवाल्यांच्या बिल्डिंगमध्ये दुसरं काय होणार, प्रेक्षक तयारच.

मी मनात म्हटलं, काही काळजी नाही, भाऊ पायरीवर आहेत. भावाला परत पाठवणाऱ्या बहिणीची वाक्यं आमच्या प्रत्येक दुसऱ्या नाटकात असतात, आणि ती सगळी भाऊंना तोंडपाठ. मी त्यांच्या बाजूला कान केला. काही नाही. जरा सरकून जवळ उभी राहिले. तरी नाही. दादा गाडीचं दार उघडून उभा, आणि हा माणूस नुसता माझ्या पायांकडं बघत बसलेला. गॅसवाल्याला दिलं, ऑर्गनवाल्याला दिलं, आणि मला नाही. माझं अख्खं आयुष्य गाडीत बसायला निघालं होतं आणि खड्ड्यातून आवाज नाही. मग जे आलं ते मी बोलले.

"दादा, भाजी गॅसवर आहे. जेवून जा. मी इथीच राह्यते."

बस, एवढंच. ना रडले, ना पदर पसरला. दादा मग गाडीचं दार लावून वर आला. वांग्याची भाजी आणि भात जेवला, हात धुतला, तिखट जास्त झालं म्हणाला, आणि गेला. त्यानंतर गोंडपिपरीचं नाव घरात कोणी काढलं नाही. कठड्यावरच्या एकानंही टाळी वाजवली नाही. त्यांना वाटलं, सीन अजून सुरूच व्हायचा आहे.

त्याच वर्षी समोरचा फ्लॅट रिकामा झाला. मी भाऊंना म्हटलं, भाऊ, मला द्या. पाहू, म्हणाले. पुन्हा म्हटलं. पुन्हा पाहू. तिसऱ्यांदा मी चांगलं लुगडं वगैरे नेसून, चप्पलसुद्धा नवी घालून गेले, तर म्हणाले, चप्पल लागते का तुले? आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्या फ्लॅटमध्ये सामान चढलं. तिचं.

तिचं नाव मी घेणार नाही. बिल्डिंगमध्ये तिला समोरची म्हणायचे आणि मला मागची. नागपूरची, गोरी, उंच, केस कमरेखाली. केस वाळवायला तिला अख्खी सकाळ लागायची आणि ती सगळी सकाळ गॅलरीत जायची. पहिल्याच सीझनला तिचं नाव पोस्टरवर सगळ्यात वर. मला सांगा, का जळू नये मी? पाठांतर शून्य. स्टेजवर खड्ड्याकडं कान लावून उभी असायची, आणि प्रेक्षकांना वाटायचं, काय हो विरहात बुडाली आहे! स्वयंपाक येत नाही, डबा मेसचा. लिफ्टचं बटण दाबायलासुद्धा हिला कोणीतरी लागायचं. आणि भाऊ तिला सकाळपासून वाक्यं देत बसलेले. दूधवाल्याशी काय बोल, कंपनीवाल्याशी काय बोल, मंडळवाल्यांना कसं हस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी जिना उतरताना मुद्दाम पाय आपटायचे, म्हणजे त्यांना कळावं. त्यांना कळायचं, पण ते तिला पुढचं वाक्य देत राहायचे.

आणि मग तिचा नवरा आला. तिला नवरा होता हे आम्हाला तेव्हाच कळलं. मोठी गाडी, काळा चष्मा, पार्किंगच्या मधोमध. ती अनवाणी खाली आली आणि थिजली. तो म्हणाला, पाच मिनिटं देतो, गाडीत बस. कठडे भरले. मीही होते, खोटं कशाला सांगू, पुढंच होते. मनात म्हटलं, बस बाई गाडीत. जा. गॅलरी मोकळी कर.

तिच्या तोंडून शब्द फुटेना. आणि पायरीवरून तो ओळखीचा दबका आवाज आला. मला वाटलं, आता ते सीतेचं नाहीतर झाशीच्या राणीचं काहीतरी देतील. त्यांनी दिलं ते हे: 'भाजी गॅसवर आहे. जेवून जा. मी इथीच राह्यते.'

माझं. शब्दन् शब्द माझा! मी कठडा धरला.

आणि तिनं ते घेतलं. काय घेतलं हो! मान किंचित तिरपी, डोळ्यांत पाणी पण ओघळू न देता, 'जेवून जा' वर आवाज जरासा कापरा, आणि 'इथीच' वर पाय टेकवला. ऑक्टोपॅडवाल्यानं वरून शिट्टी मारली. टाळ्या पडल्या. नवऱ्यानं चष्मा काढला. घरात ज्या बाईनं कधी अंडं उकडलं नाही ती भाजी केली म्हणते म्हटल्यावर तोही हलला असणार. इथपर्यंत सगळं बरं होतं. पण तो म्हणाला, "बरं. वाढ." आणि लिफ्टकडं निघाला.

आता आली का पंचाईत! आम्हा नाटकवाल्यांचं हेच चुकतं. वाक्य आलं की आम्ही बोलून मोकळे. गॅसवर भाजी असायला घरात गॅस पाहिजे, हे कोणाच्या ध्यानात? तिच्या किचनमध्ये शेगडीच बसली नव्हती. कपाटात नेलपॉलिश. तिनं घाबरून भाऊंकडं पाहिलं. भाऊंनी मान वळवली आणि कठड्याखालून दिसणाऱ्या माझ्या पायांकडं पाहिलं. मी त्या घरात राहायला आले तेव्हापासून पहिल्यांदा त्यांनी मला वाक्य दिलं.

'माह्या घरून ने.'

मी नाही म्हणणार होते. आईशप्पथ, नाहीच म्हणणार होते. पण इतक्या वर्षांची सवय, खड्ड्यातून आलं की तोंड उघडतं. तो लिफ्टमध्ये शिरला तसं मी म्हटलं, "माह्या घरून ने." आणि मागच्या जिन्यानं मीच पातेलं घेऊन धावले. सांबार म्हणजे कोथिंबीर घातलेली वाल-वांग्याची भाजी होती, दुपारची, माझी. तिच्या गॅलरीत बसून तिच्या नवऱ्यानं ती दोनदा घेतली. मी दारात उभी. ती वाढत होती, आणि वाढतानासुद्धा काय दिसत होती! जेवून तो म्हणाला, भाजी बरी शिकलीस. मग गाडीत बसून एकटाच गेला. पुढं वकील वगैरे झाले, पण न्यायला पुन्हा आला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण ही गोष्ट वडसाभर झाली आणि पुढच्या सीझनला एका लेखकानं ती नाटकात घातली. दुसऱ्या अंकाचा शेवट. हिरोईन म्हणते, भाजी गॅसवर आहे, जेवून जा, मी इथीच राह्यते. पडदा. गावोगाव लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मंडळं येऊन सांगायची, ते भाजीवालं नाटक पाहिजे. हिरोईन ती. आणि मला कोणतं काम दिलं असेल? पातेलं घेऊन येणारी शेजारीण! एकच वाक्य, 'माह्या घरून ने.' मी ते काम घेतलं. घर चालवायचं होतं. पण दर प्रयोगाला ती ते बोलायची आणि मी विंगेत पातेलं धरून उभी राहून मनात तिच्या आधी बोलायचे.

सीझन संपल्यावर मी भाऊंसमोर जाऊन उभी राहिले. पायरीच्या इतकी जवळ की त्यांना माझ्या पायांशिवाय दुसरं काही दिसू नये. म्हटलं, भाऊ, माह्या वेळी तुम्ही मुके झालते. आणि माह्यं वाक्य तिले देल्लं. काऊन?

ते माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"पुढचं मालूम असलं त मी देतो," म्हणाले. "तुह्या वेळी मले मालूमच नोहतं. कोनत्या पुस्तकात लिवलं नोहतं. मीच पाहून राह्यलो होतो, हे काय बोलते आता." मग थांबून म्हणाले, "तिले देल्लं, कारन तेच एक पाठ होतं मले, पुस्तकाबाहेरचं."

दुसरी कोणी असती तर तिथं पाया पडली असती. मी नाही पडले. मी म्हटलं, मग गॅलरी तिला का? तर म्हणाले, तिले लोकाईनं पाह्यलं नाई त काम नाई भेटत. आणि मला? मला न पाहता भेटतं का? त्यांनी पाय जवळ घेऊन मला जिन्यावर वाट करून दिली. मी पाय आपटत वर गेले आणि ठरवून टाकलं की या माणसाला समोरचा फ्लॅट पुन्हा कधी मागायचा नाही. जीव गेला तरी नाही. वाक्य मोठं होतं, पण मनापासून होतं, त्याला प्रॉम्प्टर नव्हता.

समोरचीला पुढं मुंबईला सिरियल मिळाली. जाताना ती मला मिठी मारून रडली, माझा एक झारा आणि दोन वाट्या परत न देता गेली. फ्लॅट रिकामा राहिला. आणि त्याच उन्हाळ्यात भाऊ आजारी पडले. पायरीवरून उचलून त्यांना खोलीतल्या खाटेवर ठेवलं. मुलगी ब्रह्मपुरीहून येऊन राहिली. मुलगी व्यवहाराची. तिनं समोरच्या फ्लॅटसाठी पार्टी बघून ठेवली, बँकेतलीच, या वेळी चालून न दाखवता. रंग लावायला माणसं पण आली. मी कोंडा पुसत होते आणि वरचे रंगाचे डबे मोजत होते. मागायचं नाही म्हणजे नाही.

एका सकाळी मुलगी वर आली, बाबा बोलावतात म्हणाली. मी गेले. भाऊ उंच खाटेवर उशीला टेकून बसवलेले, आणि तिथून त्यांना माझे पाय दिसत नव्हते. त्यामुळं ते गोंधळल्यासारखे इकडंतिकडं बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांना मी ओळखूच आले नसेन असं मला वाटलं. मी चप्पल काढून टाकली आणि पाय वाजवून चालले, दारापासून खिडकीपर्यंत. मग त्यांची मान स्थिर झाली.

"समोरचा," ते म्हणाले, आणि थांबले.

मुलगी दारात किल्ल्या घेऊन उभी. मी वाट बघत राहिले. ओठ हलले, मिटले. ते पुढचं विसरले होते की, दादा आला त्या दिवसासारखे, मी काय बोलते ते बघत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. 'मला द्या' एवढंच मला म्हणायचं होतं, आणि तेच मी म्हणणार नव्हते. बाहेर जिन्यावर पेंटर शिडी लावत होता. मुलीनं विचारलं, बाबा, काय समोरचा? ते पुन्हा म्हणाले, समोरचा.

मी खाली फरशीवर बसले, खाटेला टेकून. तिथून त्यांचं तोंड दिसत नव्हतं, दिसत होते ते फक्त त्यांचे सुजलेले पाय, खाटेवरून लोंबणारे. आणि मी दबक्या आवाजात दिलं त्यांना.

'समोरचा फ्लॅट हिलेच द्याचा.'

"समोरचा फ्लॅट हिलेच द्याचा," भाऊ म्हणाले. मोठ्यानं. पार वरच्या मजल्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. आम्ही कोणीच त्यांचा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. फुटका होता, न वापरलेला. जिन्यावरचा पेंटर थांबला, ऑर्गनवाला धावत खाली आला. आणि मग भाऊंनी आणखी एक वाक्य जोडलं, जे मी दिलं नव्हतं.

"लई कोंडा खाल्ला तिनं."

मुलीनं किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी तेव्हा रडले, आणि चांगली रडले, सावरत-बिवरत नाही.

भाऊ पावसाळा पाहू शकले नाहीत. मुलगी दर अकरा महिन्यांनी करार पाठवते, मी सही करते. खालच्या पायरीवर आता बाहेरची कुत्री झोपतात, आणि बिल्डिंगमधला कोणीही जिना उतरताना तिथं आला की अजून क्षणभर थांबतो. मीही थांबते. मला वाक्य नको असतं, तरी थांबते.

गॅलरी माझी आहे. दिवाळीच्या आधी मी सकाळी केस धुऊन तिथं उभी राहते. केस आता कमी आहेत, पण वाळवायला मी वेळ तेवढाच लावते. खाली मंडळवाले येतात, खर्रा थुंकतात, वर बघतात. मागच्या वर्षी चामोर्शीकडचे काही जण उभे होते, बराच वेळ माझ्याकडं बघत. मला वाटलं, आलं बाई आपलं नाव. त्यातल्या एकानं हात जोडून ओरडून विचारलं, "बाई, ते भाजीवाल्या नाटकातल्या हिरोईन इथीच राह्यत होत्या ना?"

मी केस झटकले, कठड्यावर जरा पुढं वाकले आणि आवाज खालपर्यंत नीट पोचेल असं म्हटलं, "हो, होती ना. मागं राह्यत होती ते. मिलकडे."